एकसष्टावा दिवस

पडद्यावर एकवीस ओळी आहेत. एक ओळ म्हणजे एक रिकामी खोली. सकाळचे पावणेनऊ वाजलेत, एडी स्ट्रीटवरचं धुकं अजून हललेलं नाही आणि मी सातव्या ओळीवर अडकले आहे.

खोली ३१७. रिकामी झाल्याला दिवस ६१. स्थिती ‘दुरुस्ती चालू’. ‘कोण बघतंय’ हा रकाना कोरा. शेवटची नोंद पस्तीस दिवसांपूर्वीची.

सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागात आमच्या संस्थेकडे चार जुन्या इमारती आहेत. वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिलेल्या माणसांना इथं कायमची खोली मिळते. भाडं उत्पन्नाच्या तीस टक्के. शिवाय त्याच इमारतीत कुणीतरी मदतीला असतं: डॉक्टरांच्या तारखेची आठवण करणारं, सरकारी कागद भरून देणारं, रात्री दार वाजलं तर उठणारं. इकडे याला सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणतात. खोली आणि माणूस यांची गाठ घालून देणं हे माझं काम. माझ्या यादीत घर मंजूर झालेली माणसं एकवीसपेक्षा पुष्कळ जास्त आहेत, तरी एकवीस खोल्यांना कुलूप आहे. हे असं का, हे खाली बसून कळत नाही. त्यासाठी वर जावं लागतं.

मी फोन उचलते. “कुया, तीनशे सतराचं काम कुठवर आलंय?”

कुया म्हणजे तागालोग भाषेत थोरला भाऊ. इमारतीची देखभाल करणारे हे गृहस्थ फिलिपिन्सचे, साठीला टेकलेले. इथं सगळेच त्यांना कुया म्हणतात. दादा म्हणत वाढलेल्या माझ्या तोंडातून ते पहिल्या दिवसापासून सहज निघतं.

“तीनशे सतरा?” पलीकडे क्षणभर शांतता. “ती तर केव्हाच झाली.”

“केव्हाच म्हणजे केव्हा?”

“वर या. दाखवतो.”

लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा आहे. तिसऱ्या मजल्यावर ती धक्का देऊन थांबते आणि समोर लांबच लांब मार्गिका दिसते. दोन्ही बाजूंना दारं, टोकाला सामाईक संडास आणि न्हाणी. परळच्या चाळीत वाढलेल्या मला ही इमारत आले त्याच दिवशी ओळखीची वाटली होती. चाळीत मात्र दार दिवसभर सताड उघडं असतं आणि ते लावून घेणारा माणूस शिष्ट ठरतो. इथं राहायला येणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की दार आतून लागतं ना.

अशा इमारती म्हणजे मुळात जुनी हॉटेलं. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत हे शहर जळून गेलं. ते पुन्हा उभं राहताना या भागात एकट्या माणसांसाठी अशी एकखोली हॉटेलं बांधली गेली. खलाशी, आचारी, हंगामी मजूर इथं आठवड्याच्या भाड्यानं राहत. पुढं शहर सुधारण्याच्या नावाखाली यातली किती तरी पाडली गेली. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे ‘इंटरनॅशनल हॉटेल’ नावाच्या अशाच एका हॉटेलमधून म्हाताऱ्या फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना पोलिसांनी बाहेर काढलं. तो विषय निघाला की कुया आजही बोलायचे थांबतात. उरलेली हॉटेलं पाडू नयेत म्हणून नंतर कायदा झाला, आणि १९९८ पासून शहरानं अशा अख्ख्या इमारती भाड्यानं घेऊन तिथं बेघर माणसांची सोय करायला सुरुवात केली. अनेक इमारतींचे मालक गुजराती आहेत. आमच्या इमारतीच्या मालकीणबाई महिन्यातून एकदा येतात, मला ‘केम छो’ विचारतात, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवून धूळ बघतात आणि जातात. इमारत अख्खी भाड्यानं घेतलेली असल्यामुळे त्यांना भाडं दर महिन्याला पूर्ण पोचतं. ३१७ मध्ये कुणी झोपतंय की नाही, यावर ते अवलंबून नाही. म्हणजे या एकसष्ट रात्रींचे पैसेही दिले गेलेले आहेत.

कुया दारापाशी उभे आहेत. कमरेला चाव्यांचा जुडगा, प्रत्येक चावीच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका. पहिला मजला लाल, दुसरा गुलाबी, तिसरा जांभळा. पाचव्याला रंग नाही. त्या चाव्या ते हातानंच ओळखतात.

दार उघडतं.

आत येऊन मी नुसती उभी राहते. आठ फूट रुंद, दहा फूट लांब. भिंती पांढऱ्या. रंगाचा वाससुद्धा उरलेला नाही, इतके दिवस झालेत. खिडकी दोन इमारतींमधल्या हवेच्या बोळात उघडते. समोरची वीट हात लांब केला तर लागेल, पण मान वर केली की आभाळाची पट्टी दिसते. कोपऱ्यात हात धुण्याचं बेसिन, त्याला नवा नळ. लोखंडी पलंगावर गादी, तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. कपड्यांच्या कपाटात तीन रिकामे हँगर. फरशी पुसलेली.

इथं आजच्या आज माणूस राहू शकतो.

“हे बघा,” कुया म्हणतात. दारामागे रंगाचा डबा आहे. खोली झाली की उरलेला रंग ते त्याच खोलीत ठेवतात, पुढं भिंत खरवडली तर तोच रंग हाताशी असावा म्हणून. झाकणावर काळ्या मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलंय ३१७, आणि खाली तारीख. मी बोटांवर मोजते. मग पुन्हा मोजते.

बारा दिवस.

“कुया, शीटवर अजून दुरुस्ती चालू आहे.”

“मला कुठं दिसते तुमची शीट?” ते शांतपणे विचारतात. आवाजात राग नाही. “मी कागद लिहून खाली ट्रेमध्ये ठेवतो. नेहमी ठेवतो.”

ट्रे ज्यांच्या टेबलावर आहे त्या बाईंनी तीन आठवड्यांपूर्वी नोकरी सोडली. या कामाचा पगार या शहरात पुरत नाही. माणसं येतात, शिकतात, थकतात आणि जातात. त्यांची जागा अजून भरलेली नाही. मी जिना उतरून खाली जाते. ट्रेमध्ये वीजबिलं, एक चुकून आलेलं पार्सल, आणि त्यांच्या खाली कुयांच्या अक्षरातला पिवळा कागद: ३१७ तयार. त्याखाली आणखी एक: ५०९ तयार. तो मी खिशात घालते.

वर परत आल्यावर कुयांबरोबर पलंगाच्या कडेला बसते आणि आम्ही एकसष्ट दिवसांचा हिशेब मांडतो. इथं चौदा वर्षं राहिलेल्या बाई इस्पितळात वारल्या. त्यांचं सामान नातेवाइकांसाठी जपून ठेवायचं, यादी करायची, दूरच्या राज्यातल्या भाचीचा पत्ता लावायचा, यात अठरा दिवस गेले. ते जायलाच हवे होते. माणसाच्या मागं राहिलेलं सामान एका दुपारीत कचऱ्यात टाकणारी इमारत मला नको आहे. मग ढेकणांचं औषध. एकदा मारून भागत नाही, अंड्यातून निघालेल्यांसाठी दोन आठवड्यांनी पुन्हा मारावं लागतं. सोळा दिवस. नळ बसवायला गेले तर भिंतीतली जुनी तोटीच गळत होती. तिचा भाग मागवून येईपर्यंत नऊ. प्रायमर, दोन हात रंग, वाळवण, फरशी, गादी यांत सहा. झाले एकोणपन्नास. उरलेले बारा दिवस या खोलीत कुणी पाऊल ठेवलेलं नाही.

पडद्यावर हे सगळे दिवस एकाच रंगाचे आहेत. माझ्या मते खोट इथंच आहे. ज्या दिवशी कुया पान्हा घेऊन भिंतीपाशी बसलेले असतात तो दिवस आणि ज्या दिवशी पिवळा कागद ट्रेमध्ये पडून असतो तो दिवस, दोन्ही ‘रिकामी’ याच रकान्यात जातात. पहिल्या तऱ्हेचे दिवस कमी करायला जास्त प्लंबर लागतील, पैसा लागेल. दुसऱ्या तऱ्हेचे दिवस कमी करायला कुणीतरी रोज सकाळी विचारलं पाहिजे: या खोलीत आज कोण, काय करणार आहे? उत्तरात एका माणसाचं नाव आलं नाही, तर ती खोली हरवलेली आहे असंच मी समजते.

आणि ही गोष्ट माझ्या चार इमारतींपुरती नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रोपब्लिका आणि सॅन फ्रान्सिस्को पब्लिक प्रेस या दोन वृत्तसंस्थांनी शहराच्याच नोंदी काढून दाखवून दिलं की सपोर्टिव्ह हाउसिंगमध्ये ८८८ खोल्या रिकाम्या आहेत, आणि घर मंजूर होऊन वाट बघणारी माणसं आहेत १,६३३. त्या आधी २०१८ मध्ये इथल्या मतदारांनी मोठ्या कंपन्यांवर जादा कर बसवला होता, तो याच कामासाठी. पैसा होता, खोल्या होत्या, माणसं होती. आता शहर रिकाम्या खोल्यांचा आकडा सगळ्यांना बघता येईल असा जाहीर करतं, आणि ते चांगलंच आहे. कुठल्याही वेळी काही खोल्या रिकाम्या असणारच, माणसं येणार-जाणार. पण आकडा टक्क्यांत सांगितला की अंगावर येत नाही. बारा रात्री म्हटलं की येतो, कारण या बारा रात्री जो माणूस बाहेर झोपला त्याला मी ओळखते.

यादीतल्या त्या माणसाचा फोन लागत नाही. तीनदा करून बघते. बाहेर राहणाऱ्या माणसाचा फोन चोरीला जातो, भिजतो, नाही तर चार्जिंगविना मरतो. खोली तयार आणि माणूस सापडत नाही, हेही खोली रिकामी राहण्याचं एक मोठं कारण. कधी कधी मी खोलीसाठी माणूस शोधत आठवडा घालवलाय, आणि तो दोन गल्ल्या पलीकडे असायचा. म्हणून माझ्या वहीत प्रत्येकापुढं फोन नंबरच्या शेजारी आणखी एक ओळ असते: दिवसा कुठं बसतात. यांच्यापुढं लिहिलंय, ग्रंथालय, स्वयंपाकाच्या पुस्तकांचा विभाग.

मी कोट चढवते. एडी स्ट्रीटवरून खाली, मग लार्किन स्ट्रीटनं सिव्हिक सेंटरकडे. फुटपाथवर एक बाई पुठ्ठ्याची घडी करतायत, कोपरे जुळवून, चादरीची करावी तशी. ग्लाइड चर्चच्या जेवणाला निघालेली दोन माणसं मला हात करतात. त्यांतले एक माझ्याच एका इमारतीत सहा वर्षं राहतायत. त्यांना अजूनही दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर लागतं.

शहराच्या या सार्वजनिक ग्रंथालयानं २००९ मध्ये पूर्णवेळ समाजसेविका नेमली. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं ग्रंथालय मानलं जातं. दिवसभर बसता येईल, पाणी मिळेल, संडास वापरता येईल आणि कुणी उठ म्हणणार नाही, अशा जागा शहरात मोजक्याच. आचारी आपल्या नेहमीच्या खुर्चीत आहेत. नाव लिहीत नाही, इथं त्यांना आचारीच म्हणते, कारण विचारलं की ते स्वतःबद्दल पहिल्यांदा हेच सांगतात. अठ्ठावन्न वर्षांचे. तीस वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात उभे राहिले, मग पाठ गेली, मग काम, मग भाड्याची खोली. समोर पुस्तक उघडं आहे आणि पायाशी चाकांची पिशवी, तिचा पट्टा घोट्याभोवती गुंडाळलेला, डोळा लागला तरी कुणी ओढून नेऊ नये म्हणून.

“खोली आहे,” मी म्हणते. “आज बघता येईल.”

ते पुस्तक मिटत नाहीत. “मागच्या वेळीही होती.”

होती. दुसऱ्या इमारतीतली. दाखवायच्या दिवशी कळलं की ती आधीच कुणाला तरी दिलेली होती आणि यादीतून निघायची राहिली होती. त्या दिवशी ते काही बोलले नव्हते, फक्त पिशवी ओढत परत गेले होते. नोंद चुकली की खोली रिकामी राहते एवढंच होत नाही. माणूस आमच्या शब्दावर पुन्हा उठून यायचा की नाही, तेही पणाला लागतं.

“मी आत्ता त्या खोलीतून आले,” मी सांगते. “पलंगावर बसून आले.”

मग ते पुस्तक मिटतात.

निघण्याआधी ते पिशवीच्या आतल्या कप्प्यातून झिपची प्लास्टिक पिशवी काढतात आणि त्यातले कागद मला पुन्हा एकदा दाखवतात. हे कागद जमवायला आम्हाला पाच महिने लागलेत. ओळखपत्र: कॅलिफोर्नियात बेघर माणसाला ते फुकट मिळतं, पण त्यासाठी जन्मदाखला हवा आणि त्यांचा जन्म दुसऱ्या राज्यातला. सोशल सिक्युरिटीचं कार्ड: तेही फुकट, पण येतं टपालानं. टपाल कुठल्या पत्त्यावर यायचं? शेवटी आमच्या कचेरीचा पत्ता दिला. अपंगत्वाचा डॉक्टरी दाखला. आणि सगळ्यात अवघड, बेघर असल्याचा पुरावा. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या बऱ्याच खोल्यांसाठी सलग बारा महिने, किंवा तीन वर्षांत चार खेपा मिळून तेवढेच महिने, घराविना काढल्याचं कागदावर दाखवावं लागतं. ज्या माणसानं ते दिवस कुणाच्या नजरेस न पडता काढले, त्यानं साक्षीदार कुठून आणायचे? यांच्यासाठी एका पहारेकऱ्यानं सही दिली. ज्या वाहनतळाच्या आडोशाला ते झोपत, तिथला. तो कागद घड्यांवर फाटत आलाय. मी त्याला मागून चिकटपट्टी लावली होती, ती आता पिवळी पडलीय.

आम्ही हळूहळू चालतो. त्यांची पाठ चढावर थांबायला लावते. ते थांबले की मीही थांबते आणि काही बोलत नाही.

लिफ्टमध्ये ते जाळीतून मजले मोजतात. कुया ३१७ चं दार उघडून बाजूला होतात. आचारी उंबऱ्यातच थांबून आत बघतात. मग सरळ बेसिनपाशी जाऊन गरम पाण्याचा नळ सोडतात आणि ओठांत आकडे मोजतात. बावीसला वाफ येते. मान हलवतात. खिडकी वर सरकवतात, डोकं बाहेर काढून आभाळाची पट्टी बघतात. दार लावतात, आतून कडी सरकवतात, उघडतात, पुन्हा लावतात.

“न्हाणी?”

“टोकाला. या मजल्यावर दोन आहेत, बारा खोल्यांना.”

ते जाऊन बघून येतात. वेळ लागतो. मी आणि कुया मार्गिकेत उभे. पलीकडच्या खोलीतून बेसबॉलचं समालोचन ऐकू येतंय.

नकाराची भीती मला इथं वाटते, आणि नकार आला तरी माणूस चुकला असं मला कधीच वाटत नाही. गेल्या महिन्यात एका बाईंनी अशीच खोली नाकारली. न्हाणीपर्यंतची अंधारी मार्गिका त्यांनी एकदाच बघितली आणि त्या माझ्या आधी जिना उतरल्या. रस्त्यावर त्यांच्या वाट्याला काय आलंय हे मला माहीत होतं. एका तरुणानं टेंडरलॉइन नको म्हणून सांगितलं, कारण ज्या कोपऱ्यावर तो नशेत पडायचा तो कोपरा इमारतीच्या दारासमोरच होता. शीटवर या दोघांपुढं एकच शब्द आहे, ‘नाकारली’. तोच शब्द खोलीपुढंही. त्यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. मी आता शेजारी कारण लिहायला लागले आहे: न्हाणीची मार्गिका अंधारी, दिवा हवा. तो दिवा कुयांनी चार दिवसांत लावला, आणि पुढच्या बाईंनी ती खोली घेतली. नव्या इमारतींतल्या स्वतंत्र न्हाणीच्या खोल्या पटापट भरतात आणि या जुन्या सामाईक न्हाणीच्या खोल्या मागं राहतात, हे इथं काम करणारा कुणीही सांगेल. पूर्वी अशा काही खोल्यांना भाडेकरूच्या उत्पन्नाचा निम्मा भाग भाडं म्हणून जायचा. भाडेकरूंनी स्वतः चळवळ करून २०२० मध्ये ते तीस टक्क्यांवर आणण्याचा कायदा शहराकडून करून घेतला. अशा गोष्टींनी खोल्या भरतात. माणसांना हट्टी म्हटल्यानं एकही खोली भरलेली मी बघितली नाही.

आचारी परत येतात. खोलीच्या मधोमध उभे राहून चारी भिंतींकडे बघतात.

“शेगडी कुठं ठेवायची?”

हा प्रश्न येणार हे मला सकाळपासून माहीत होतं.

“खोलीत चालत नाही. आगीची भीती. मायक्रोवेव्ह चालतो.”

“मायक्रोवेव्ह,” ते म्हणतात. तीस वर्षं स्वयंपाक केलेला माणूस तो शब्द नुसता उच्चारून ठेवून देतो.

गिरणगावात माझ्या आजोबांच्या पिढीतले कामगार एका खोलीत पाळीपाळीनं झोपत. त्यांनाही चूल नव्हती, पण जिन्याखाली, शेजारच्या गाळ्यात खानावळवाल्या बायका होत्या. भाकरी ताटात गरम पडायची. राहायची खोली आणि जेवायची जागा, दोन्ही मिळून त्यांचं घर होत असे. इथं एक दिलं आणि दुसरं राहिलं, तर माणसाला काहीतरी कमी असल्याचं रोज जाणवणारच.

“तळघरात सामाईक स्वयंपाकघर आहे,” कुया सांगतात. “चला.”

तळघरातल्या स्वयंपाकघराला कुलूप आहे. ते उघडं असताना तिथं कर्मचारी हवा असा नियम आहे, आणि ती जागाही भरलेली नाही. माणसांच्या रिकाम्या जागांची कुठलीच शीट माझ्याकडे नाही. असायला हवी, कारण ट्रेमधला कागद आणि हे कुलूप यांचं मूळ एकच आहे. कुया चावी शोधतात. आत चार बर्नरची गॅसची शेगडी, मोठं सिंक, दोन टेबलं, उलटी ठेवलेली भांडी. आचारी वाकून बर्नरची वरची चकती उचलतात, दिव्याकडे धरतात.

“भोकं बुजलीत. टाचणी आहे?”

कुया खिशातून तारेचा तुकडा देतात. आचारी टेबलाशी बसतात आणि एकेक भोक मोकळं करायला लागतात. घाई नाही. चकती फिरवतात, तार घालतात, फुंकर मारतात. काळी पूड टेबलावर पडते, ती हाताच्या कडेनं गोळा करतात. मला खोलीचा करार, सही, वेळ, सगळं दिसतंय, पण मी बोलत नाही. चारही चकत्या होतात. ते त्या परत बसवतात, कुया गॅस सोडतात आणि निळी ज्योत सगळीकडून सारखी उठते.

“हे उघडं राहणार?” ते मला विचारतात.

“मी आज कबूल करू शकत नाही,” मी म्हणते. “माणूस नेमायला हवा. मी ते लेखी मागेन, आणि मागितल्याचा कागद तुम्हाला दाखवीन.”

ते माझ्याकडे बराच वेळ बघतात. “चालेल. घेतो खोली. पण हे लिहा.”

मी लिहिते. त्यांच्यासमोर, त्यांच्याच शब्दांत.

कचेरीत करार छापून निघेपर्यंत दीड वाजतो. तीस टक्क्यांचा हिशेब त्यांच्या भत्त्याच्या पत्रावरून करते. दोनदा करते, कारण पहिल्यांदा जुन्या वर्षाचा आकडा घेतला होता. सही लागते ती व्यवस्थापकांची, आणि ते आज दुसऱ्या इमारतीत आहेत. “गुरुवारी येतो तिकडे,” फोनवर उत्तर येतं. आज मंगळवार. गुरुवार म्हणजे आणखी दोन रात्री. मी त्यांना म्हणते, मीच कागद घेऊन येते. सात गल्ल्या. ते वाद घालत नाहीत. दारातच उभ्यानं सही करून देतात आणि विचारतात, “कितवा दिवस?”

“एकसष्टावा.”

ते कराराच्या कोपऱ्यावर तो आकडा लिहितात आणि त्याखाली आपली आद्याक्षरं.

परत येते तेव्हा आचारी खालच्या बाकावर पिशवीला टेकून झोपलेले आहेत. पट्टा घोट्याभोवती गुंडाळलेलाच. मी नाव घेऊन हाक मारते, दुसऱ्या हाकेला ते जागे होतात आणि पहिल्यांदा हात पिशवीकडे जातो. चार वाजून वीस मिनिटांनी कुया त्यांच्या हातात चावी ठेवतात, जांभळ्या ठिपक्याची. ते ठिपका नखानं खरवडून बघतात.

“काढू नका,” कुया म्हणतात. “हरवली तर मला कळतं कुठली.”

ते लिफ्टनं एकटेच वर जातात. आम्हाला या म्हणत नाहीत आणि आम्ही जात नाही.

मी पडद्यासमोर बसते. सातव्या ओळीत आजची तारीख घालते, ‘भरली’ लिहिते, आणि ओळ यादीतून निघून जाते. आता वीस आहेत. खालची एक ओळ सरकून तिच्या जागी आलीय. खिशातला दुसरा पिवळा कागद काढून मी तो कीबोर्डशेजारी उलगडते आणि ओळ शोधते. खोली ५०९. दिवस ४४. स्थिती ‘दुरुस्ती चालू’. ‘कोण बघतंय’ या रकान्यात मी माझं नाव टाकते.

“कुया,” मी दाराकडे बघून हाक मारते, “तुम्ही किती वाजेपर्यंत आहात?”

ते घड्याळाकडे बघत नाहीत. जुडगा हातात घेऊन बिनरंगाच्या चाव्या बोटांनी चाचपायला लागतात.